‘ऊर्फ’ सापडेपर्यंत

आधार कार्डावर पाटील, शाळेच्या दाखल्यावर पाटील, मतदार यादीत पाटील. पणजोबांच्या नावावर राहिलेल्या सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर मात्र ‘ज्ञानू सखाराम जाधव’. १२ फेब्रुवारी २०२४ ला वारस नोंदीचा अर्ज दिला आणि चावडीत पहिलाच प्रश्न आला: जाधवांच्या जमिनीला पाटील वारस कसे? प्रश्न रास्त होता. उत्तर घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, ‘आम्ही मूळचे जाधव, पाटीलकीमुळे पाटील झालो’. पण ते सांगणारा एकही कागद घरात नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा ट्रंकेतले कागद लगदा होऊन गेले होते.

नोंद मंजूर व्हायला पुढची जानेवारी उजाडली. सांगली-साताऱ्याकडे पाटील, देशमुख, कुलकर्णी, इनामदार, चौगुले अशी आडनावं असलेल्या पुष्कळ घरांना ही अडचण कधी ना कधी येते, म्हणून सगळा क्रम लिहून ठेवतो आहे.

सुरुवातीला आमचा एक महिना फुकट गेला. आम्ही आडनावाचा अर्थ शोधत बसलो. ‘पाटील’ हा शब्द जुन्या ताम्रपटांतल्या ‘पट्टकील’वरून आला, हे कळलं आणि आवडलंही. पण पाटील हा आधी हुद्दा होता, आडनाव नंतर झालं. एकाच गावात मराठा, जैन, लिंगायत आणि कोळी अशी चारही घरं पाटील असू शकतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. ‘फडणीस’, ‘चिटणीस’, ‘सबनीस’ यांतला ‘नीस’ फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. तीही कामाची नावं. शब्दाची व्युत्पत्ती सांगते की हे काम काय होतं. ते काम आपल्या घराकडे कधी आलं, हे तिच्यातून कळत नाही. इंटरनेटवरच्या कुळांच्या याद्या तर पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि कोणत्याही कार्यालयात त्यांना पुरावा म्हणून किंमत नाही.

उलट याच भागातली माहितीतली घराणी पाहिली तेव्हा शोध कुठे घ्यायचा हे लक्षात आलं. फलटणचे नाईक निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरवरून डफळे. म्हणजे गाव मिळालं तर मागचं आडनाव मिळतं. महात्मा फुल्यांचं घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला आणि फुले झाले. तिथे धंदा पाहावा लागतो. आणि आमच्यासारखंच अगदी जवळचं उदाहरण क्रांतिसिंह नाना पाटलांचं. येडेमच्छिंद्रच्या या माणसाला सगळा महाराष्ट्र पाटील म्हणून ओळखतो; घराण्याचं आडनाव पिसाळ. तेव्हा आमच्या बाबतीत शोधायचा होता तो हुद्द्याचा कागद. हे नीट कळायला मार्च संपला.

घरातून सुरुवात करा म्हणतात ते खरं आहे, पण कागद नसतील तर भांडी बघा. पूर्वी लग्नात दिलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव, गाव आणि कधी कधी शक कोरून घेत. आमच्या माळ्यावरच्या हंड्यावर चिंच आणि मीठ लावून घासल्यावर ‘ज्ञानू सखाराम जाधव’ आणि ‘शके १८४६’ स्पष्ट वाचता आलं. शकात ७८ मिळवायचे (जानेवारी ते गुढीपाडव्याआधीची तारीख असेल तर ७९), म्हणजे १९२४-२५. सरकारी कामात हंडा चालत नाही. पण त्या सालापर्यंत लोकांत वावरताना नाव जाधव होतं, एवढं आम्हाला समजलं आणि पुढचा शोध त्यानंतरच्या वर्षांवर आणता आला. दुसरी उपयोगी वस्तू म्हणजे आहेराची वही. भाऊकीतल्या एका घरात १९५२ च्या लग्नाची वही होती. तिच्यात आमच्या घराचा आहेर ‘पाटील’ नावाने आणि सख्ख्या चुलत घराचा ‘जाधव’ नावाने, एकाखाली एक. दोन्ही घरांची जमीन एकाच बांधाची.

मग शाळा. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांची १९३१ ची नोंद मिळाली, ती पाटील नावाने. रजिस्टर मागताना ‘आजोबांचा दाखला हवा’ एवढंच म्हटलं तर शोधणाऱ्याला वर्ष कळत नाही आणि तो कंटाळतो. जन्माच्या अंदाजात ६ ते ९ मिळवून चार वर्षांची पानं पाहू द्या असं लेखी मागा. भावांची, चुलत भावांची नावंही सोबत द्या, कारण एकाला पाटील आणि दुसऱ्याला जाधव लिहिलेलं असू शकतं. गुरुजी पोराला आणणाऱ्या माणसाला विचारत आणि तो सांगेल ते लिहीत. साताऱ्याच्या हायस्कुलातली, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमधली, ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद सगळ्यांना माहीत आहे: रजिस्टरला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव रत्नागिरीकडचं आंबडवे. शाळेच्या वहीतली एक ओळ पुढे कायमचं नाव होऊन बसते, ती अशी. निर्गम उतारा घेताना त्यावर रजिस्टर क्रमांक आणि दाखल तारीख दोन्ही आहेत ना, ते तिथेच पाहून घ्या. आमच्या पहिल्या उताऱ्यावर क्रमांक राहिला होता, त्यासाठी आठ दिवसांनी पुन्हा जावं लागलं.

एप्रिल ते जुलै जमिनीच्या कागदांत गेले. हा टप्पा सर्वांत किचकट आहे, आणि उत्तरही इथेच मिळतं.

सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचे क्रमांक. सर्वांत जुन्या आकड्यापासून एक-एक फेरफार मागत मागे जायचं. आमची गाडी पहिल्याच वळणावर अडली, कारण आजचा सातबारा गट नंबरचा आणि जुने फेरफार सर्व्हे नंबरचे. १९४७ च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण झालं, तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट आले. या दोघांची जोड भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या ‘नऊ-तीन, नऊ-चार’ उताऱ्यात मिळते. आधी तो काढा. तो हातात नसताना तहसीलच्या अभिलेख कक्षात गेलात तर चुकीच्या नंबरचे फेरफार मिळतात आणि नकलेचे पैसे वाया जातात. आमचे गेले.

दुसरी अडचण जिल्ह्याची. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके आज सांगलीत आहेत, पण १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. मग ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणून जुन्या कागदावर ‘जिल्हा सातारा’ किंवा ‘जि. द. सातारा’ दिसलं तर तो दुसऱ्या कुणाचा कागद समजून बाजूला ठेवू नका. औंध, फलटण, जत, मिरज, सांगली या संस्थानांतल्या गावांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे विलीनीकरणाआधीचं दप्तर संस्थानाचं. आपलं गाव १९४८ आधी कोणाच्या अंमलात होतं, हे पहिल्या अर्जाआधीच विचारून ठेवा.

अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प, गावाचं नाव, सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे साल लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही.’ असं उत्तर आलं की खचू नका, आम्ही दोन दिवस खचलो होतो. माहिती अधिकारात अर्ज करून नकलेऐवजी अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करता येते. शुल्क १० रुपये, पाहणीचा पहिला तास मोफत, नकलेचं पान २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून ‘सर्व जुने कागद’ असं मागू नका. आम्ही दोन फेरफार आणि वतनाचं (म्हणजे पाटीलकीसारख्या पिढीजात हुद्द्याचं) एक रजिस्टर एवढंच मागितलं. २६ व्या दिवशी बोलावणं आलं. त्या दिवशी रुमाल (जुने कागद बांधलेलं कापडी गाठोडं) सोडून देणारा कर्मचारी फार जपून पानं उलटत होता. त्याच्यामुळेच पुढचं सगळं शक्य झालं. सोबत वही, पेन्सिल आणि भिंग न्या. फोटो काढू दिला तरी तो पुरावा होत नाही. पान क्रमांक टिपून त्याच पानाची खरी नक्कल मागा.

जुने फेरफार वाचताना काही शब्द माहीत हवेत. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता; त्याच्यापुढचं नाव पालकाचं असतं, मालकाचं नव्हे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे दिसलं तर जमीन एकट्याची नाही, भावांचा हिस्सा आत आहे. नावं घरगुती असतात. ज्ञानदेव ‘ज्ञानू’ होतो, गणपती ‘गणू’ होतो, आणि दोन पिढ्यांत तेच नाव आजोबाकडून नातवाकडे येतं. आमच्याकडे सखाराम बिन ज्ञानू आणि ज्ञानू बिन सखाराम असे चार जण निघाले. तारखा जुळवल्याशिवाय त्यांना वंशावळीत बसवू नका. इसवी सन काढायला जुन्या कागदावरच्या फसली सनात ५९० मिळवायचे, सुहूर सनात ५९९. वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी एक आणखी.

आता मुख्य गोष्ट. पणजोबांच्या दोन जमिनी होत्या. एक स्वतःची, रयतेची. दुसरी पाटीलकीच्या वतनाची. पहिलीच्या कागदांवर ते सगळीकडे जाधव, दुसरीच्या कागदांवर सगळीकडे पाटील. माणूस एक, वर्षही एक, आणि दोन आडनावं. लिहिणाऱ्याने ज्या कामासाठी लिहिलं, त्या कामाचं नाव लिहिलं. आपलं आडनाव बदललं असं आम्ही समजत होतो. खरं तर दोन्ही नावं बरोबरीने चालत होती आणि शाळेच्या गुरुजींपुढे आल्यावर त्यांतलं एक राहिलं.

मग वतन संपल्यावर काय झालं ते शोधलं. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली. मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने, १ जानेवारी १९६३ पासून. (आजचे पोलिस पाटील १९६७ च्या वेगळ्या कायद्याने नेमले जातात, ते वंशपरंपरेचं पद नाही.) वतनाची जमीन सरकारजमा होऊन, ठरलेली रक्कम भरल्यावर वतनदाराला परत मिळे. त्याला आपल्याकडे ‘रिग्रँट’ किंवा फेरदान म्हणतात. परत देताना सरकारला पक्कं करावं लागे की हा वतनदार कोण. म्हणून त्या हुकुमात पूर्ण ओळख येते. आमच्या १९६५ च्या रिग्रँटच्या फेरफारात ओळ होती: ‘ज्ञानू सखाराम जाधव ऊर्फ पाटील’.

त्या ‘ऊर्फ’वर बोट ठेवून आम्ही दोघं चुलत भाऊ बराच वेळ काही बोललो नाही.

आडनाव वतनावरून आलेलं असेल तर पहिला अर्ज रिग्रँटच्या फेरफारासाठी करा, इतर सगळं नंतर. आम्ही तो सर्वांत शेवटी केला. हा क्रम आधी माहीत असता तर चार महिने वाचले असते.

रजिस्टरमधलं वतनाचं पान मोडीत होतं. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ओळ आधी आखून अक्षरं खाली लटकवतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणून नाव कुठे संपलं आणि आडनाव कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर ठरतं. पहिल्या वाचकाने एके ठिकाणी ‘जाधव’चं ‘माधव’ वाचलं. दुसऱ्याने त्याच हाताची बाकीची पानं पाहून ते दुरुस्त केलं. दोघांकडून वाचून घेणं महाग नाही, चुकलेलं लिप्यंतर दाखल करणं महाग पडतं. दोन्ही वाचनांचे मिळून आमचे ३,००० रुपये झाले. मूळ मोडी पान, त्याखाली देवनागरी लिप्यंतर, आणि मान्यताप्राप्त वाचकाची सही-शिक्का, तीनही एकत्र लागतात. त्या पानावरून कळलं की पाटीलकी दोन पात्यांत, म्हणजे घराण्याच्या दोन शाखांत, पाळीने फिरत होती. आमची धाकटी पाती. पणजोबांची पाळी आली आणि घराला पाटील म्हणू लागले. थोरल्या पातीची एक शाखा पाळी संपल्यावर जाधवच राहिली. आहेराच्या वहीतलं कोडं असं सुटलं.

पुण्याच्या पुराभिलेखागारातही एक फेरी झाली. पेशवे दप्तर आणि सातारच्या महाराजांचं दप्तर तिथे आहे, हजारो रुमाल. घराण्याचा मागचा इतिहास हवा असेल तर ती जागा नक्की बघा, पण आधी गावाचं नाव जुन्या परगण्यासह आणि तर्फेसह माहीत हवं. वारस नोंदीसाठी त्या फेरीची गरज नव्हती.

ऑक्टोबरात हेळवी आले. आपल्याकडे सुगीच्या सुमाराला, दर काही वर्षांनी, घराण्याच्या चोपड्या घेऊन ते दारात येतात. त्यांनी वंशावळ वाचायला घेतली ती मूळ गावापासून: कुठून उठून कुठे वस्ती केली, कुलदैवत कोणतं, देवक काय, कोणत्या पिढीत घर फुटलं. आमच्या कागदांतल्या पाच पिढ्या त्यांच्या चोपडीतल्या नावांशी जुळल्या, फक्त एक भाऊ त्यांच्याकडे जास्त होता. फेरफार पुन्हा पाहिला तेव्हा तो ‘बेवारस मयत’ म्हणून सापडला. त्यांना ११०० रुपये आणि पायलीभर जोंधळे दिले. हेळव्याची चोपडी सरकारी पुरावा नाही, पण नाव चुकलं आहे कुठे, ते ती दाखवते. ते आले की घाईने वाटेला लावू नका. चहा द्या, म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा, रेकॉर्डिंगची परवानगी विचारा, आणि गेल्या वेळेनंतर जन्मलेल्यांची नावं नीट सांगून लिहून घ्या.

नोव्हेंबरात कागद दाखल केले. तोवर तलाठ्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं होतं, अर्जावर तसं लिहिलं. जोडले ते असे: जाधव नावाचे जुने फेरफार, ‘ऊर्फ’चा रिग्रँटचा फेरफार, मोडी पान लिप्यंतरासह, आजोबांचा निर्गम उतारा, मृत्यू दाखले, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं वंशावळीसह प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रात नावांची प्रत्येक तऱ्हा लिहा: ज्ञानू, ज्ञानदेव, जाधव, पाटील, जाधव-पाटील. एक जरी राहिली तरी तेवढ्यासाठी परत येतं. आमचं एकदा आलं. भाऊकीतल्या जाधव नावाच्या दोन वडीलधाऱ्यांचे जबाबही जोडले, त्याचा चांगला उपयोग झाला.

मध्येच कुणीतरी सुचवलं होतं की राजपत्रात नाव बदलून सगळेच जाधव व्हा, म्हणजे भानगड मिटेल. मिटत नाही. राजपत्रातली जाहिरात आजच्या माणसाने आज नाव बदललं एवढं सांगते. मेलेला पणजोबा दोन नावांचा होता, हे ती सिद्ध करत नाही. वर पोरांचे दाखले, पॅन, पासपोर्ट, बँका सगळं पुन्हा करावं लागतं.

नोंद वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क ला, चढली. फेरफार धरल्यावर हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस निघाली, पंधरा दिवसांत हरकत आली नाही, आणि ९ जानेवारी २०२५ ला मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. सगळा खर्च साडेसात हजारांच्या आसपास. त्यात मोठा वाटा मोडी वाचनाचा आणि प्रवासाचा, सरकारी फी सहाशेच्या घरात. नव्या सातबाऱ्यावर नावं चढली की शब्दन् शब्द तपासा. आमच्या एका आत्याचं नाव सासरच्या आडनावाने चुकीचं पडलं होतं, ते दुरुस्त व्हायला आणखी महिना लागला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कार्यालयात मिळाली नाही. पणजी सगळ्या कागदांत ‘कोम ज्ञानू’ एवढीच आहे. फेरफारात, वतनाच्या पानात, हेळव्यांच्या चोपडीत, कुठेच तिचं माहेर नाही. ते मिळालं आहेराच्या वहीत: ‘मामा’ म्हणून आलेल्या एका माणसाच्या आडनावासमोर कऱ्हाडजवळच्या एका गावाचं नाव होतं. त्या गावी अजून त्या घराण्याची माणसं आहेत, आम्ही मे महिन्यात जाऊन आलो. आता जी वंशावळ लिहून ठेवली आहे, तिच्यात प्रत्येक सुनेच्या आणि लेकीच्या नावापुढे माहेरचं आणि सासरचं आडनाव, गावासकट आहे. चार प्रती काढल्या, चौघांच्या घरी ठेवल्या. एक पुराच्या रेषेच्या वर.